'हॅलो' आमच्या वाटणीत नाही

आमचे सुपरवायझर इंग्रजी बोलताना 'एम'च्या अलीकडचा शब्द वापरत नसत. ही बंदी त्यांना कोणी घातलेली नव्हती, त्यांची त्यांनीच घालून घेतली होती. वसमतच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मी त्यांच्या हाताखाली काम केलं त्या वर्षांत त्यांनी ती एकाच माणसापाशी मोडलेली मी ऐकली. ती कशी मोडली हे सांगायचं तर त्यांची डिक्शनरी, माझी नोकरी आणि ख्रिस्ती साधूंच्या एका पंथाचं नाव, या तिन्ही गोष्टी सांगायला हव्यात. मला क्रमानं सांगायची सवय आहे, पण हे गृहस्थ क्रमात बसणारे नव्हते. जमेल तसं सांगते.

डिक्शनरी त्यांच्या वडिलांची. वडील निजामाच्या काळात कोर्टात कारकून होते. जन्मात एकदा हैदराबादला गेले आणि बायकोनं बांगड्या सांगितल्या होत्या तर उशीएवढी जाड इंग्रजी डिक्शनरी घेऊन आले. ते वारल्यावर पुसेगावला दोघा भावांची वाटणी झाली. शेत झालं, बैल झाले, भांडी झाली, आणि शेवटी हे पुस्तक पंचांपुढं आलं. दोघंही म्हणाले, माझं. पंच म्हणाले, मग निम्मं निम्मं. तराजू आणला, सुरी आणली. पंचांतल्या एकाला इंग्रजी अक्षरं ओळखू येत होती. तो म्हणाला, "कुणाचा शब्द मधीच तुटू नये. नवं अक्षर लागतं तिथं कापा." म्हणून थोरल्याला ए ते एल मिळालं आणि धाकट्याला, म्हणजे आमच्या सुपरवायझरांना, एम ते झेड. थोरल्याचं पारडं जरा वर राहिलं म्हणून पुस्तकाचे दोन्ही पुठ्ठे त्याला दिले. धाकट्यानं आपल्या भागाला लाल खारव्याचं कापड शिवून घेतलं. त्या दिवसापासून भावाभावांत अबोला. शेताच्या बांधावरून नाही, विहिरीच्या पाण्यावरून नाही, पुस्तकावरून.

मी कामावर लागले तेव्हा त्या अबोल्याला बावीस वर्षं झाली होती.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोर्डासमोर बसवलं. छोट्या छोट्या झाकणांची फळी; गावात कोणी फोनचा दांडा फिरवला की त्याच्या नंबराचं झाकण खट्‌कन पडायचं, आणि आपण तिथं दोरी खुपसून विचारायचं. मी दोरी खुपसली आणि म्हणाले, "हॅलो."

मागून आवाज आला, "न्हाई न्हाई न्हाई. 'हॅलो' आपल्या वाटणीत न्हाई."

मला वाटलं, वाटणी म्हणजे कामाची. मी विचारलं, "मग हॅलो कोण म्हणतं, साहेब?"

"दादा म्हणतो. पुसेगावला." असं म्हणून त्यांनी लाल कापडातलं ते अर्धं धूड टेबलावर ठेवलं. "आपलं काय? 'नंबर, प्लीज.' एन आपला, पी आपला. बोल."

"नंबर, प्लीज."

"बराबर. आन् ध्यानात ठेव, इथं माणसाला जात न्हाई, घर न्हाई, नाव न्हाई. नंबर हाय."

मी बौद्ध वस्तीतली पोरगी, बाप जिनिंगमध्ये गठाणी बांधणारा. पहिल्या दिवशी असं वाक्य ऐकायला मिळेल हे मी मनातल्या कुठल्याच यादीत धरलं नव्हतं.

त्यांचे शब्द लिहून ठेवायला मी लगेच एक वही केली. एम ते झेड, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला प्रसंग. दहाच्या सुमाराला हळदीचे व्यापारी सांगलीचा भाव विचारायला एकदम तुटून पडत, बोर्डावरची वीस-पंचवीस झाकणं एकाच वेळी खाली येत, तेव्हा 'पँडेमोनियम!' लाइनमन कधीच जागेवर सापडत नसे, तो 'नोमॅड'. छताचा पंखा तीन वेळा विनवल्यावर फिरायचा, तो 'रिलक्टंट'. शेजारच्या हॉटेलातली मिरचीची भजी 'पंजंट', आणि ती खाल्ल्यावरचा दुसरा दिवस 'रिपेंटन्स'. 'इज', 'अ', 'इन' असले किरकोळ शब्द मात्र उसने घेतले तर चालतात, असा त्यांचा नियम होता. "मीठ-मिरची शेजारून आणली म्हणून कुणी भिकारी होत न्हाई. पण भाकर आपली पाहिजे."

त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू दुपारी डबा घेऊन यायच्या आणि आमच्यासमोर त्यांची फजिती करायच्या.

"ह्यांना 'लव्ह' म्हणता येत न्हाई, बाई. एलमधी गेला थोरल्याकडं. 'वाइफ' तेवढी वाट्याला आली."

"'मॅरेज'बी आलं की," सुपरवायझर म्हणायचे.

"आन् 'रिपेंटन्स'बी!"

वाटणीतल्या फायद्यातोट्याचा हिशेब ते स्वतःही मांडत. "दादाकडं 'आय' गेला, माझ्याकडं 'यू' आला, 'वी' आला. 'सॉरी' माझ्याकडं, 'प्लीज' माझ्याकडं, 'थँक यू' माझ्याकडं. दादाकडं काय, तर 'अँगर' आन् 'ईगो'. मग सांग, पैला कोण बोलणार? सॉरी म्हणायला त्याच्याकडं शब्दच न्हाई."

"मग तुम्हीच म्हणा ना साहेब. तुमच्याकडं आहे."

"फोनवर सॉरीच्या आधी हॅलो म्हणावं लागतं," ते म्हणाले आणि उठून पंख्याकडे गेले.

आता तो साधू.

हळदीच्या दिवसांत एक व्यापारी एक्सचेंजच्या खिडकीशी आला. बोर्डाची जागा खिडकीपासून हातभर. तो जाळीला नाक लावून म्हणाला, "पोरी, त्या पेठेतल्या शेटला सांगलीवरून आत्ता काय भाव आला?"

मी गप्प.

"आकडा नको सांगू. नुस्तं वर का खाली."

मी गप्प.

"बरं, तोंडानं नको. मान हलव. वर असला तर वर, खाली असला तर खाली. मान हलवायला काय सरकारची बंदी हाय?"

मी मान अशी ताठ धरली की जणू डोक्यावर पाण्याच्या तीन घागरी आहेत. तो गेला, मी हलले नाही. तासाभरानं पुन्हा डोकावला, मी हलले नाही. संध्याकाळी मान लचकली. काकूंनी तेल चोळून दिलं आणि सुपरवायझर आनंदानं एक्सचेंजभर फिरत राहिले. "ट्रॅपिस्ट! पोरगी ट्रॅपिस्ट हाय!"

मला वाटलं सापळ्यातली उंदरीण म्हणतायत. 'ट्रॅप' म्हणजे सापळा एवढं मला ठाऊक होतं.

त्यांनी पुस्तक उघडलं. ट्रॅपिस्ट म्हणजे कॅथलिक साधूंच्या एका कडक पंथातला साधू. हे लोक मौन पाळतात, अगदीच नड असल्याशिवाय बोलत नाहीत. आणि इंग्रजीत, ते सांगू लागले, माणूस साधू नसला, ख्रिस्ती नसला तरी त्याला ट्रॅपिस्ट म्हणतात, तोंड मिटून असला म्हणजे.

"मग त्याला 'सायलेंट' म्हणायचं की साहेब. तोही एस आहे, आपल्यातलाच."

"सायलेंट तर खांबबी असतो. 'टॅसिटर्न' म्हणजे ज्याला बोलायला आवडत न्हाई. आन् ट्रॅपिस्ट? त्याला बोलता येतं. बोलावं वाटतं. जीभ खाजून राहिली. पण एकडाव शब्द दिला म्हणून बोलत न्हाई. समजलं का? गप बसणारे लई हायत. गप राहणारे कमी."

हे मी वहीत जसंच्या तसं उतरवलं.

पुस्तकातल्या त्या नोंदीच्या शेवटी मात्र एक काटा होता. तिथं लिहिलं होतं की ट्रॅपिस्ट ही 'सिस्टर्शियन' पंथाची शाखा. पुढं सूचना: तो शब्द पाहा. सिस्टर्शियन सी वरून. सी पुसेगावला.

"बावीस सालं झाली, ह्यो सिस्टर्शियन माझ्या नरड्यात अडकून हाय," सुपरवायझर म्हणाले.

शाळेत दुसरी डिक्शनरी होती, चार घरं पलीकडे. मी म्हणाले, आणून देते. ते दुखावले. "दुसऱ्याच्या पुस्तकात पाहायचं? मग वाटणी कशाला केली व्हती?"

माझी नोकरी तात्पुरती होती. मुदत संपायच्या आत कायम करण्याचा हुकूम आला नाही तर घरी बसायचं. घरी म्हणजे आईबरोबर कापूस निवडायला. धाकटे दोन भाऊ शाळेत होते, आणि माझ्या पगारातून काय काय होणार याची यादी बाबांनी माझ्यापेक्षा लांब केली होती. कायम व्हायला सुपरवायझरांचा गोपनीय अहवाल वर जायचा. त्यात एक रकाना होता: कर्मचारी गुप्तता पाळण्याबाबत विश्वासू आहे काय? बाकीचे सुपरवायझर तिथं 'येस' लिहीत. आमच्यांनी दिवसभर पेन दाताखाली धरून ठेवलं आणि संध्याकाळी लिहिलं: 'शी इज अ ट्रू ट्रॅपिस्ट ऑफ द ऑर्डर.'

लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं, खरं तर गोपनीय अहवाल दाखवायचा नसतो. "आठ शब्द. 'इज' आन् 'अ' उसने. बाकीचे सहा घरचे!"

महिन्याभरानं वरच्या ऑफिसातून पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं, मी मतलब सांगते. सदर कर्मचारी कोणत्या ट्रॅपमध्ये सापडली आहे, त्याचा तपशील द्यावा. अहवालात उल्लेख केलेल्या 'ऑर्डर'चा क्रमांक कळवून प्रत जोडावी. तोपर्यंत कायम करण्याचा प्रस्ताव स्थगित.

ज्यांनी सरकारी ऑफिसात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. आपल्याकडे ऑफिसात ट्रॅप म्हणजे एकच: पावडर लावलेल्या नोटा, दाराआड पंच, आणि हात पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. पत्र ज्या लाइनमननं फोडलं तो नोमॅडच होता. संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या वस्तीत फिरवून आला. शेजारची मावशी रात्रीचं पीठ मागायला आली ती उंबऱ्यावरच बसली.

"बाई, किती घेतले व्हते गं?"

"मावशी, काही घेतलं नाही. ते साधूचं नाव आहे."

"साधूकडून घेतले?" मावशीनं कपाळावर हात मारला. "साधूला तरी सोडायचं व्हतं, लेकरा!"

मी हसले, आईसुद्धा हसली. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते जिनिंगला मागच्या गल्लीनं जाऊ लागले. चौकातून गेलं की लोक विचारत. ते मी पाहिलं आणि मग मलाही हसू येईना.

सुपरवायझरांनी उत्तर धाडलं. चार पानं, नव्वद टक्के घरचे शब्द. ट्रॅपिस्ट हा लाचेचा सापळा नसून कॅथलिक साधूंचा पंथ आहे, आणि 'ऑर्डर' म्हणजे हुकूम नसून तो पंथच.

यावर वरून दुसरं पत्र आलं. कर्मचाऱ्यानं धर्म बदलला असल्यास प्रतिज्ञापत्र द्यावं. साधू झाली असल्यास संन्याशाला सरकारी नोकरीत राहता येतं किंवा कसं, याचा खुलासा करावा. शिवाय साधू पुरुष असल्याचं दिसतं, तरी कर्मचारी स्त्री आहे की पुरुष ते निश्चित कळवावं.

मी हे घरी वाचून दाखवलं. बाबा कधी नव्हे ते उठून उभे राहिले.

"धर्म बदलला का म्हून विचारून राहिले? लिही त्यांना. एकडाव बदलला. बापानं बदलला, छाती काढून बदलला. आता काय दर सालाला बदलायचा का काय, भिंतीवरच्या कॅलेंडरासारखा?"

आणि मग तेच हसायला लागले. इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी चौकातून गेले. कोणी विचारलं की सांगत, "पोरीचं काय न्हाई, सरकारला वाटलं ती साधू झाली."

पण मुदत हसून वाढत नाही. ती संपायला पंधरा दिवस राहिले तेव्हा तिसरं पत्र आलं, एकाच वाक्याचं. शेरा ज्या शब्दकोशाच्या आधारे लिहिला तो शब्दकोश संपूर्ण स्वरूपात घेऊन सुपरवायझर व कर्मचारी, दोघांनी समक्ष हजर राहावं.

सुपरवायझरांनी ते पत्र टेबलावर ठेवलं आणि लाल कापडावर हात ठेवून बसले. झाकणं पडत होती, मी दोऱ्या खुपसत होते. मग ते म्हणाले, "संपूर्ण."

"साहेब, पुसेगावला लावू?"

"न्हाई."

"पोस्टात फोन आहे. मास्तर माणूस पाठवून बोलावून आणतील."

"काहून? शब्द माझा, तकलीफ तुला. मी जाऊन सायबाच्या पाया पडतो."

"पाया पडून पुस्तक पूर्ण होतं का?"

मी ट्रंक कॉलचं तिकीट ओढलं आणि भरलं. कुठून: वसमत. कुठं: पुसेगाव पोस्ट. कोणाला: थोरल्या भावाचं नाव. मी लिहीत असताना त्यांनी थांबवलं नाही, एवढीच त्यांची परवानगी.

दीड तासानं लाइन मिळाली. पोस्टमास्तर म्हणाले, माणूस आलाय, बोला. मी कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमधला फोन सुपरवायझरांच्या हातात दिला, दोरी खुपसली आणि हेडफोन कानाला लावून बसले. लाइन इतकी खराब होती की अधूनमधून कान देणं भागच होतं. घड्याळ सुरू केलं.

पहिलं मिनिट. इकडून श्वास, तिकडून श्वास. इकडचा जरा जोरात.

दुसरं मिनिट. तिकडे पोस्टाच्या ओट्यावर कोंबडी ओरडली. पोस्टमास्तर लांबून म्हणाले, "अहो, बोला की! तिकडून पैसे लागून राहिले." कोणी बोललं नाही. मधे जिंतूरचा एक व्यापारी चुकून लाइनवर आला, "सरकी काय भाव?" म्हणाला, उत्तर नाही म्हटल्यावर घाबरून निघून गेला.

तिसरं मिनिट. मी काचेतून सुपरवायझरांकडे पाहत होते. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडून देणारा माणूस, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, ओठ घट्ट मिटून. मी तोवर दोन साधी ट्रंक तिकिटं आणि एक अर्जंट खोळंबून ठेवलं होतं. नियमाप्रमाणे मी म्हणाले, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

कोणी काही नाही. माझा हात दोरीवर गेला. ओढायचीच होती.

"हॅलो," सुपरवायझर म्हणाले. मग घसा साफ करून, "हॅलो, दादा."

मी दोरीवरचा हात काढला आणि पुढची तीन मिनिटं तिकिटावर लिहिली. त्या तीन मिनिटांत दोघं बोलले, आणि मी ऐकलं.

चौथ्या दिवशी थोरले पहाटेच्या एसटीनं आले. धोतर, फेटा, आणि बगलेत घोंगडीत गुंडाळलेले ए ते एल. धाकट्याला पाहून नुसते "गुड" म्हणाले. 'मॉर्निंग' त्यांच्या वाटणीत नव्हतं.

वरच्या ऑफिसात मोठे साहेब तरुण होते आणि वैतागलेले होते. टेबलावर माझी फाइल, तीन बोटं जाड. दोन भावांनी दोन अर्धुकं टेबलावर ठेवली, एक लाल खारव्यात, एक घोंगडीत.

"हे काय आहे?"

"पुस्तक, साहेब. संपूर्ण," सुपरवायझर म्हणाले.

"मग दोन का?"

"वाटणी झाली."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तिघांत त्यातल्या त्यात शहाणी मीच दिसत होते. मी मान हलवली, हो. त्यांनी लाल भाग उघडून ट्रॅपिस्ट काढला, वाचला. "ठीक. मौनी साधू. सिस्टर्शियन पाहा."

खोलीतली हवा थांबली. सुपरवायझर खुर्चीच्या टोकाला आले. साहेबांनी घोंगडीतला भाग उघडला आणि सी काढला. "सिस्टर्शियन. बेनेडिक्टाइन पंथातून निघालेली कडक शाखा. हिच्यातल्या मौनी साधूंसाठी ट्रॅपिस्ट पाहा."

"आँ?" सुपरवायझर म्हणाले.

"मला बावीस सालं झाली ठावं हाय," थोरले हळूच म्हणाले. "दर सालाला एकडाव काढून पाहतो. ट्रॅपिस्ट पाहा. कुठून पाहू? ट्रॅपिस्ट तर ह्याच्याकडं."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना पुस्तकाचा नाद लागला होता. "बेनेडिक्टाइन... हे घ्या. एका पंथाचा साधू. आणि एक प्रकारची दारू."

"साधू आन् दारू, एकाच शब्दात?"

"इथं लिहिलंय. आणि हा कॅपुचिन. हाही साधूच. आणि एक माकड, डोक्यावर साधूच्या टोपीसारखे केस असलेलं." साहेब आता हसत होते. "म्हणजे एका साधूची दारू केली, एकाचं माकड केलं."

"मौनवाल्याला तेवढं साधू राहू दिलं," सुपरवायझर म्हणाले. "म्हून तर मी त्योच शब्द निवडला, साहेब."

वाटणी, बावीस वर्षांचा अबोला, ट्रंक कॉल, सगळं थोरल्यांनीच मग सांगून टाकलं. साहेबांनी पेन उघडलं, आणि थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी आलं. "शब्द पटला. पण बाई तशी आहे कशावरून?" ते माझ्याकडे वळले. "या दोघांचा फोन तुम्हीच जोडलात?"

"हो साहेब."

"ऐकलात?"

"लाइन खराब होती साहेब. ऐकावं लागलं."

"बावीस वर्षांनी भाऊ भावाशी बोलला. काय बोलले?"

मी समोर पाहिलं. थोरल्यांचे कान लाल झाले होते. सुपरवायझरांनी रिसीव्हरसारखी दोन्ही हातांनी लाल खारव्याची कडा धरली होती. जे बोलले होते ते वाईट नव्हतं. पण ते त्या दोघांचं होतं.

मी गप्प राहिले.

"मी विचारतोय. तुमचा हुकूम माझ्या हातात आहे."

कायम होण्याचा कागद त्यांच्या पेनाखाली होता. मला बाबांची यादी आठवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी मान ताठ धरली. तीन घागरी.

"बाई, ही ऑर्डर आहे."

घड्याळ टिकटिकत होतं. मी एक्सचेंजच्या सवयीनं मोजत राहिले. तीन मिनिटं व्हायच्या आतच साहेब खुर्चीत मागे रेलले आणि मोठ्यानं हसले. "ऑर्डर दिली तरी गप्प. मग ही खरीच त्या ऑर्डरमधली!" आणि त्यांनी सही केली.

बाहेर पडल्यावर थोरले माझ्यासमोर येऊन थांबले. मग म्हणाले, "पोरी, मला 'थँक यू' येत न्हाई. ते ह्याच्याकडं हाय."

"थँक यू," सुपरवायझर म्हणाले. "दोघांकडून."

परतीच्या एसटीत दोघं एका बाकावर बसले, मांडीवर आपापला भाग. पुस्तक पुन्हा शिवून घेतलं नाही. वाटणी ती वाटणी. पण त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी पुसेगावला एक ट्रंक कॉल जाऊ लागला. थोरले तिकडून विचारत, "'ऑब्स्टिनेट' म्हणजे काय रे?" आणि हे इकडून सांगत, "आरशात पाहा, दादा. आता 'कॅमल' सांग." तिकीट कायम साधं, तीन मिनिटांचं, आणि दर वेळी ते सहा मिनिटं चालायचं. सुरुवात हॅलोनंच व्हायची. पण गिऱ्हाइकांना मात्र सुपरवायझर निवृत्त होईपर्यंत 'नंबर, प्लीज'च म्हणत राहिले.

पुढं बोर्ड गेला, झाकणं गेली, दोऱ्या गेल्या. काकूंनी मला किती वेळा खोदून विचारलं. घरी पोरं विचारतात. ही गोष्ट ज्याला सांगावी तो शेवटी तेच विचारतो: त्या पहिल्या फोनवर, हॅलोनंतरच्या तीन मिनिटांत, ते दोघं काय बोलले?

मला शब्दन् शब्द आठवतो. सांगता येतो. सांगावासाही वाटतो.

नंबर, प्लीज.